पिवळ्या कोषातले अकरा

"ह्या ट्रेत समद्या बायाच हाईत की ओ साहेब," बायाक्का म्हणाली. "अजून एक बी गडी घावला न्हाई. हे कसं काय जमवलंसा?"

परीक्षा घेणाऱ्यानं परीक्षा देणाऱ्याशी बोलू नये, एवढा नियम मला ठाऊक होता. मी तिच्या समोरच्या स्टुलावर बसून रजिस्टरात रेघा मारत राहिलो.

बायाक्का गुरव खिडकीशी पाटावर बसली होती. मांडीवर ट्रे, दोन्ही बाजूंना एकेक टोपली. ट्रेमधून एक प्युपा उचलायचा, म्हणजे कोषाच्या आत अळीचा पतंग होण्याआधीचा तो तपकिरी गोळा. तो अंगठा आणि बोटात उलटा धरायचा, शेपटाकडं एकदा बघायचं आणि टोपलीत टाकायचा. मादी डावीकडं, नर उजवीकडं. मादीच्या शेपटाकडच्या एका कड्यावर केसाएवढी बारीक फुली असते, नराच्या त्याखालच्या कड्यावर एक ठिपका असतो. मला त्यासाठी भिंग लागायचं, अर्धं मिनिट लागायचं आणि एवढं करूनही खात्री वाटायची नाहीच. तिला दोन सेकंदही लागत नसत. एकोणीस वर्षं ती हेच करत होती.

आमचं रेशमाचं बीज केंद्र होतं, आजऱ्याच्या पलीकडं हेळेवाडीला. आम्ही शेतकऱ्यांना रेशीम किड्याची अंडी पुरवायचो. ती संकरित असावी लागतात, म्हणजे आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या जातीचा. त्यासाठी पतंग बाहेर पडायच्या आत माद्या आणि नर वेगळे करावे लागतात. माद्यांच्या ट्रेत चुकून एक नर राहिला तर तो पहाटे सगळ्यांच्या आधी बाहेर येतो आणि आम्ही दुसऱ्या जातीचा नवरदेव आणायच्या आत आपल्याच बहिणींशी लग्न लावून मोकळा होतो. अंडी दिसायला सारखीच दिसतात. शेतकऱ्याला कळतं महिन्याभरानं, जेव्हा कोष पातळ निघतात. म्हणून सात बायका त्या खोलीत बसून लाखांनी प्युपे निवडायच्या.

आणि मी त्यांचं काम बंद करायला आलो होतो. तसं कुणी म्हणत नव्हतं, पण होतं तेच.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि गुणसूत्रांविषयी मला सगळं माहीत होतं. नोकरीला दोन वर्षं होत आली होती, जूनमध्ये कायम व्हायचं होतं. दक्षिणेतल्या एका संशोधन केंद्रातून मी रेशीम किड्याची एक नवी जात मागवली होती. प्रस्ताव माझा, पाठपुरावा माझा. या जातीत मादीचा कोष पिवळा आणि नराचा पांढरा. कोष फोडायला नको, शेपूट बघायला नको. पिवळं एका बाजूला, पांढरं एका बाजूला. शाळेतलं पोर करील.

बायकांना हे समजावून सांगायची हौसही मलाच होती. आठ दिवसांपूर्वी मी निवडीच्या खोलीत एका पुठ्ठ्यावर खडूनं आकृती काढून अक्कल पाजळली होती.

"पतंगाच्या मादीत दोन वेगळी गुणसूत्रं असतात," मी म्हणालो होतो. "एक झेड, एक डब्ल्यू. नरात दोन्ही झेड. आई ज्या अंड्यात डब्ल्यू घालते त्यातून मादी येते. ज्यात झेड घालते त्यातून नर."

"म्हंजे पोरगं का पोरगी हे ह्यांच्यात आई ठरवती?" शालननं विचारलं. ती त्या सातजणींत सगळ्यात तरणी आणि सगळ्यात तोंडाळ.

"हो."

"आन् मानसात?"

"माणसात उलटं. ते बापाकडून ठरतं."

"अगं बया!" शालननं हातातला प्युपा खाली ठेवला. "म्हंजे किड्याची सासू सुनेला बोलली तर तिचं बरूबर, आन् आमची बोलत हुती ती चूक!"

खोली हसली. मलाही स्फुरण चढलं. मी सांगितलं की काही नाकतोड्यांत नराला मादीपेक्षा एक गुणसूत्र कमीच असतं, आणि मधमाशीच्या नराला तर बापच नसतो, तो बिनफळलेल्या अंड्यातून येतो.

"बाप न्हाई?" शालन म्हणाली. "मग आडनाव काय लावतंय ते?"

सगळ्या हसत होत्या तेव्हा बायाक्का त्या पुठ्ठ्याकडं बघत होती. "पर पिवळं कशानं झालं?" तिनं विचारलं.

प्रश्न चांगला होता, म्हणून मी मन लावून उत्तर दिलं. पिवळ्या रंगाचा गुण मुळात दुसऱ्याच एका गुणसूत्रावर असतो. शास्त्रज्ञांनी त्याचा तुकडा तोडून डब्ल्यूवर बसवला. डब्ल्यू फक्त लेकींना जातं, म्हणून पिवळाही फक्त लेकींना जातो.

"म्हंजे कलम केलं म्हना की," ती म्हणाली. तिच्या घरामागच्या परड्यात काजूची कलमं होती. "पर कलम कवाबवा सुटतं की ओ."

"हे सुटत नाही," मी म्हणालो.

ती मान हलवून पुन्हा कामाला लागली. थोड्या वेळानं, वर न बघता, तिनं विचारलं, "मग आता आमचं काय?"

"ते साहेब ठरवतील," मी म्हणालो आणि पुठ्ठा गुंडाळला.

साहेब म्हणजे हेरवाडकर, केंद्राचे प्रमुख. त्यांनी ठरवलं ते असं: जुन्या निवडीची आणि नव्या जातीची तुलना करणारा तक्ता मार्चअखेरीला वर गेला पाहिजे. नवी जात खरी उतरली तर पुढच्या हंगामापासून सगळं बियाणं तिच्यावर, आणि सात बायकांच्या रोजंदारीची मंजुरी पुढं मागायची नाही. तिच्यात खोट निघाली तर चाललंय तसं चालू. बायकांनाही हे ठाऊक होतं. केंद्रात कुणापासून काही लपत नसे.

म्हणून ही परीक्षा. एक हजार पिवळे आणि एक हजार पांढरे कोष मी स्वतः ब्लेडनं कापले, कोष लपवले आणि नुसते प्युपे खुणा नसलेल्या ट्रेमध्ये घालून बायाक्काच्या पुढ्यात ठेवले. सातजणींत तिचा हात सगळ्यात नेमका, म्हणून ती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी रजिस्टरात डोकं घालून बसलो होतो. रजिस्टरात डोकं घातलेल्या माणसाला ऐकू येत नाही असा बायकांचा समज होता.

"आक्का," शालन हळू आवाजात म्हणाली, "शे-दोनशे हिकडचं तिकडं टाक की. कोन बघतंय?"

"पतंग बघतील की," बायाक्का म्हणाली.

"ते कवा?"

"चार दिसांनी भाईर पडतील तवा. मग कुनाला तोंड दावू?"

"सातजनींचं पोट हाय गं त्यावर."

"मला पोट न्हाई व्हय? ल्योक मुंबैला बसलाय, तो पाठवतोय व्हय काय?" बायाक्कानं भाकरीचा तुकडा मोडला. "कलम खोटं असंल तर खोटं निघंल. खरं असंल तर खरं. मी बघून सांगती, एवढंच माझं काम."

शालननं पुढं बरंच समजावलं. बायाक्का जेवत राहिली.

संध्याकाळी चारला निवड संपली. पांढऱ्या कोषांतले हजारच्या हजार नर. पिवळ्या कोषांतल्या नऊशे एकोणनव्वद माद्या. आणि एका स्टीलच्या वाटीत अकरा प्युपे वेगळे काढलेले.

"ह्ये अकरा गडी हाईत," ती म्हणाली.

"कुठल्या ट्रेतले?"

"त्याच, बायांच्या."

मी भिंग घेतलं. एकेक उलटा करून बघितला. तीन-चारांवर ठिपक्यासारखं काही दिसलं, बाकीच्यांवर मला काहीच दिसलं नाही. ज्यावर ठिपका दिसला त्यावरही फुली असेल, पुसट असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"हे शक्य नाही," मी म्हणालो.

"का?"

आता सांगायला हरकत नव्हती. "हे पिवळ्या कोषातून काढलेत. पिवळ्यात नर असूच शकत नाही."

"कोष कसला का असंना," बायाक्का म्हणाली. "हे गडी हाईत."

त्या अकरांचं काय करायचं हे मी हेरवाडकर साहेबांना विचारायला गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

"तुझ्या प्रस्तावात काय लिहिलंयस? शंभर टक्के. मग तक्ता तसाच पाहिजे."

"पण बाई म्हणते..."

"बाईचा डोळा आहे बाबा, दुपारनंतर थकतो. तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला वाटतं, तिची चूक असावी."

"मग तसं लिही की."

मी तसं लिहिलं. 'पारंपरिक निवडीतील मानवी चुका: ११. नव्या जातीतील चुका: ०.' ते लिहिताना मी खोटं लिहीत नव्हतो, एवढी नोंद मात्र घ्यावी. डब्ल्यू गुणसूत्रावर माझा विश्वास होता. बाईच्या बोटांवर कुठल्याच पुस्तकात प्रकरण नव्हतं.

अहवाल एकतीस मार्चला गेला. एक एप्रिलला साहेबांनी सातजणींना कचेरीत बोलावलं आणि तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला. उद्यापासून काम नाही, हे सांगायला त्यांना तक्त्याचा आधार हवा होता. 'अकरा चुका' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले.

सहाजणी खाली बघत होत्या. बायाक्का उठून उभी राहिली.

"काम गेलं ते गेलं. पर त्या चुका न्हाईत."

"बाई, हे विज्ञान आहे," साहेब म्हणाले.

"असू दे की. थोडं थांबा, पतंग होऊ द्यात, मग बोला." ती माझ्याकडं वळली. "तुमी ठेवलाईसा न्हवं ते अकरा?"

"ठेवलेत."

"बघशीला न्हवं?"

"बघतो."

"मी येती इचाराय," ती म्हणाली. मग सगळ्या आपापले डबे आणि पाट घेऊन गेल्या. रडारड झाली नाही. "सुंठीवाचून खोकला गेला," साहेब मला म्हणाले.

निवडीनंतर चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पतंगांच्या खोलीत गेलो. मोठ्या ट्रेमध्ये नऊशे एकोणनव्वद माद्या नुकत्या बाहेर पडून, पोटं जड झालेल्या, जागच्या जागी बसल्या होत्या. त्या तशाच बसतात. कोपऱ्यातल्या वाटीवर मी कागद झाकला होता आणि तो कागद थरथरत होता.

कागद काढला. अकराही बाहेर आले होते. अकराही पंख फडफडवत वाटीत गोल गोल फिरत होते. नर पतंगाला ओळखायला भिंग लागत नाही, आंधळ्याला आवाजावरून कळतं. मी आदल्या रात्री मनाशी ठरवलं होतं की एक जरी मादी निघाली तरी डोळ्याची चूक धरायची. एकही निघाली नाही. मी ती वाटी माद्यांच्या ट्रेजवळ नेली तर ते वाटीच्या काठावरून पलीकडं उड्या टाकायला लागले.

याचा अर्थ मला अर्ध्या मिनिटात कळला, इतकं माझं शिक्षण चांगलं होतं. कलम सुटलं होतं. तो पिवळा तुकडा डब्ल्यूवरून निसटून दुसऱ्या कुठल्या तरी गुणसूत्रावर जाऊन बसला होता, आणि तिथून तो लेकींना जाईल तसाच लेकांनाही जाणार होता. हजारात अकरा ही सुरुवात होती. त्यांच्या भावाबहिणींतून पुढचं बियाणं धरलं तर पुढच्या पिढीत जास्त, त्याच्या पुढच्या पिढीत आणखी जास्त.

वाटीवर पुन्हा कागद झाकून मी साहेबांच्या घरी गेलो. ते दाढी करत होते.

"अहवाल गेला," ते आरशातच बघत म्हणाले.

"दुरुस्ती पाठवता येईल."

"येईल की. काय लिहिशील? रोजंदारीच्या बाईला दिसलं ते मला दिसलं नाही, असं?" त्यांनी गालावरचा साबण पुसला. "तुझं कायम व्हायचं पत्र जूनमध्ये आहे. मी तुला नको म्हणत नाही. तुझं तू बघ."

त्यांनी खरंच नको म्हटलं नाही. पुढं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो की त्यांनी दबाव आणला. तसं काही झालं नव्हतं.

काम झालेले नर पतंग टाकायला खोलीबाहेर साबणाच्या पाण्याची बादली असे. परत आल्यावर मी वाटी तीत उपडी केली.

सकाळी अकरा वाजायच्या सुमाराला बायाक्का आली. फाटकाच्या आत आली नाही, आता ती कामाला नव्हती. डोक्यावर पदर, पायात धूळ. तिचं गाव तिथून दीड कोस.

"काय निघालं ओ साहेब?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. कोषातच मेले, असं सांगणार होतो. पण तिच्याकडं बघताना लक्षात आलं की मेले म्हटलं तर तिचं म्हणणं शाबूत राहील. ती गावभर सांगेल, पुन्हा येऊन विचारील, नव्या बॅचमधले मागेल.

"माद्या," मी म्हणालो.

"समद्या?"

"सगळ्या."

स्वतःच्याच उजव्या हाताच्या अंगठ्याकडं बघून तिनं तो बोटांवर घासला.

"म्हंजे आधी बी चुकत असनार मी," ती म्हणाली. "येकच दिस थोडंच चुकतंय कुनी? एकोनीस वर्सं झाली. किती शेतकऱ्यांचं बियानं नासलं असंल ओ माझ्या हातनं?"

"तसं नसतं," मी म्हणालो.

"मग कसं असतंय?"

मी फाटकाची कडी उगाच लावली, काढली. "बरं झालं सुटलं ते काम," ती म्हणाली आणि आली तशी चालत गेली. मला लाज वाटली. आणि लाजेबरोबर मोकळंही वाटलं, तेही सांगायला हवं.

जूनमध्ये मी कायम झालो.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पिवळ्या कोषांतून इतके नर निघाले की माद्यांच्या खोलीत पहाटे फडफड ऐकू यायची. भाऊबहिणींची लग्नं लागून गेली होती. शेतकरी पातळ, टरफलासारखे कोष पिशव्यांतून आणून कचेरीच्या टेबलावर ओतत होते. हेरवाडकर साहेब बदलून गेले होते. नवे साहेब आले होते, त्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं. वरून पत्र आलं: ही जात थांबवा, जुनं बियाणं घ्या आणि पूर्वीसारखी हातानं निवड सुरू करा.

बायकांना निरोप गेले. आठ दिवसांत सहाजणी आल्या. बायाक्का आली नाही.

"ती न्हाई म्हनती," शालननं सांगितलं. "आमी सांगून दमलो."

"तुम्ही स्वतः जा, निकुंभ," नवे साहेब मला म्हणाले. "तुमचं ऐकतील त्या."

ती तालुक्याजवळच्या एका काजूच्या कारखान्यात होती. मी आधी मुकादमाला भेटलो. तिथं काजूगरांची प्रतवारी करणाऱ्या बायका एका लांब टेबलाशी बसल्या होत्या. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, डागी वेगळा. मी तिला त्यांच्यात शोधत होतो.

"बायाक्का व्हय? ती भट्टीकडं, पोती उचलायला," मुकादम म्हणाला. "तिला प्रतवारीला बसा म्हटलं, पंखा हाय, रोज बी जास्त हाय. नकोच म्हनती. निवडायचं काम सोडून कुटलं बी सांगा म्हनती. वय काय, वजं काय."

ती आली तेव्हा तिच्या हातांना काजूच्या टरफलातल्या तेलाचे काळे डाग होते, कातडी सोललेली होती. तिनं मला कारखान्याच्या पायरीवर बसवलं आणि कुणाला तरी चहा सांगितला.

"काम परत सुरू झालंय," मी म्हणालो. "सगळ्या आल्यात."

"कळलं. चांगलं झालं."

"तुम्ही पण या."

"नको साहेब." तिनं अगदी सरळ सांगितलं, राग नव्हता. "माझा हात फसवा हाय. मला कळत न्हाई तो कवा फसवतोय ते. हितं डागी काजू अख्ख्यात गेला तर बिघडत न्हाई, तरी मी बसत न्हाई. आन् तितं तर शेतकऱ्याचं वरीस जातंय."

चहा आला. मी तो अर्धा प्यालो. तिला न सांगताही मला उठून येता आलं असतं. येत नाही म्हणाल्या, असं साहेबांना सांगितलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं.

"बायाक्का," मी म्हणालो, "ते अकरा नर होते."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "कुठलं अकरा?"

पण तिला कळलं होतं.

"वाटीतले. मी तुम्हाला खोटं सांगितलं. पहाटे बाहेर आले तेव्हा फडफडत होते."

"समदे?"

"अकराच्या अकरा."

ती ताडकन उठली. मला वाटलं, आता बोलेल. ती वळली आणि आत भट्टीकडं तोंड करून मोठ्यानं ओरडली, "अगं ए रुक्मे! नर हुते गं! अकराच्या अकरा नर हुते!"

आतल्या बाईला यातलं काहीच ठाऊक नसणार. "कोन?" तिनं आतून विचारलं.

"आता काय सांगू तुला!" बायाक्का हसायला लागली. हसता हसता तिनं ते काळे हात कपाळाला लावले, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली. अंगठा बोटावर घासून बघितला. मी तिथं आहे हे ती पार विसरून गेली होती. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या, माझी तशी तयारी होती. हे सोसवेना.

काही वेळानं ती खाली बसली.

"मी वर लिहितो," मी म्हणालो. "त्या अहवालात दुरुस्ती करायला लावतो. तुमच्या नावावरच्या अकरा चुका काढून टाकायला लावतो. माझी चूक होती असं लिहितो."

"कागदाचं मला काय ओ," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "कागदावर मानूस लिहितंय ते कुनाला तरी दावाय लिहितंय. तुमाला साहेब हुता, नोकरी हुती. ते मला तवाच कळलं हुतं."

"मग?"

"मी उनाचं चालत आलती. फाटकात. तिथं साहेब नव्हता, कागद नव्हता. तुमी आन् मी. मी तुमालाच का इचाराय आली? तुमी बघतो म्हनाला हुतासा म्हनून."

मी कपातल्या चहाकडं बघत बसलो. दोन वर्षं मला वाटत होतं की माझा गुन्हा तक्त्यात आहे.

"सोमवारी येती," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"पर निवडीच्या खोलीत तुमी यायचं न्हाई. मी हाय तवर तरी न्हाई."

"बरं," मी म्हणालो. खरं सांगतो, कारखान्याच्या बाहेर पडताना मला स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं.

मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. एक लेखी ताशेरा आला, एक वेतनवाढ थांबली, बाकी काही झालं नाही. ती सोमवारी आली आणि पुढं नऊ वर्षं येत राहिली. ट्रे द्यायला-घ्यायला मी खोलीच्या दारापर्यंत जायचो, तिथून शालन ते आत न्यायची आणि आतून आणून द्यायची. रस्त्यात, कचेरीत, पगाराच्या रांगेत बायाक्का समोर आली तर बाजूला होऊन मला वाट द्यायची. बोलायची नाही.

पाचव्या की सहाव्या वर्षी एकदा एका प्युपाबद्दल मला खरोखरच शंका आली. पुढच्या एका नव्या जातीच्या चाचणीचा होता, चूक परवडणारी नव्हती. भिंगानं तीनदा बघितलं. मग मी दारात जाऊन उभा राहिलो.

"बायाक्का, हा एकदा बघता का?"

तिनं मान वर केली नाही, नुसता हात पुढं केला. शालननं माझ्या हातातून प्युपा घेऊन तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं तो अंगठ्यात उलटा धरला आणि लगेच परत दिला.

"गडी," ती शालनला म्हणाली. "सांग त्यांना."

मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो, मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी शालन उठली, दारापर्यंत चालत आली आणि मला म्हणाली, "गडी हाय म्हनती."